फुगडीचा दुसरा हात

एकदा सकाळी एका लहानशा गावातल्या शाळेत ही गोष्ट घडली. नागपंचमी तोंडावर आली होती. मुली पटांगणात फुगडीचा सराव करत होत्या आणि रेवू मात्र आईचा पदर घट्ट धरून फाटकातच उभी होती. चार दिवस तिचं पोट दुखत होतं, आणि ते दुखणं शाळेच्या वाटेवरच सुरू व्हायचं. कारण वर्गातली दणकट कमळी तिला म्हणाली होती, "ह्या काडीशी कोण फुगडी घालणार? गरागरा फिरवली तर कौलावर जाऊन पडेल." आणि सगळ्या हसल्या होत्या.

त्या शाळेत एक वृद्ध बाई होत्या, आणि त्यांच्या हाताखाली शिकणारी एक नवी शिक्षिका. रेवूच्या आईनं दोघींना सगळं सांगितलं, तेव्हा शिक्षिकेला वाटलं, आता कमळीला शिक्षा होणार. पण बाई शांतपणे म्हणाल्या, "कमळे, तू सगळ्यांत तरबेज. एकटीनं फुगडी घालून दाखव बघू."

कमळीनं दोन गिरक्या घेतल्या आणि धपकन खाली बसली. "एकटीनं कशी होईल बाई? दुसरीचे हात नकोत का?"

"बरं. आता रेवूला म्हणालीस ते म्हण. बाकीच्यांनी हसायचं नाही."

"ह्या काडीशी कोण..." कमळीनं इकडेतिकडे पाहिलं. कुणी हसेना. "जाऊ द्या बाई. ह्यात काही मजा नाही."

शिक्षिकेनं हळूच विचारलं, "बाई, शिक्षा का नाही केलीत?"

"अगं, चिडवणं हीसुद्धा फुगडीच. एकीकडे चिडवणारी, दुसरीकडे हसणाऱ्या. आपण नेहमी पहिलीच्याच पाठीत धपाटा घालतो. मी दुसऱ्या बाजूचे हात सोडवले, एवढंच."

मग बाई फाटकाशी गेल्या. "रेवू, तुला कुणाबरोबर घालायची?"

रेवूनं बराच विचार केला, आणि बाकावर शेजारी बसणाऱ्या सखूकडे बोट दाखवलं. आईचा पदर सुटला. दोघी अशा फिरल्या की वेण्या आडव्या झाल्या.

थोड्या वेळानं कमळी जवळ येऊन पुटपुटली, "मी येऊ?"

रेवू धापा टाकत म्हणाली, "ये. पण मध्येच हात सोडायचा नाही."

आपलं लेकरू कुणाला चिडवत नाही ना, एवढं आपण आया पाहतो. ते हसणाऱ्यांत असतं का, हेही आज जेवताना विचारा. आणि शेजारणीलाही सांगा, तिच्याही घरी शाळेचं दप्तर आहेच.