धुरपाने मारलेला एकच दगड

नदीला धरण नव्हतं, तिचं पाणी शिमग्यानंतरही वाहतं असायचं आणि या मुलखावर जहागीरदाराचा शब्द चालायचा, तेव्हाची ही हकीकत. आमच्या टाकेवळ गावात ती जशी ऐकली तशी सांगतात. मीही तशीच सांगतो.

त्या काळी कार्तिक सरता सरता उत्तरेकडून करकोचे यायचे. राखाडी अंगाचे, काळ्या मानेचे, डोळ्यामागे पांढऱ्या पिसांची झुलपं असलेले. रात्रभर नदीच्या उथळ पाण्यात उभे राहायचे आणि ऊन अंगाला लागलं की थव्याथव्याने शेतात उतरायचे. पेरलेला दाणा उकरून खायचे, हरभऱ्याचे कोंब खुडायचे, घाटे भरले की घाटे फोडायचे. थवा उठला की गावावर ढगासारखी सावली पडायची, असं म्हणतात. आणि तो उठून गेल्यावर खाली जे उरायचं, त्याला शेत म्हणायला जीभ धजत नसे.

पण करकोच्यावर हात उचलायची कुणाची छाती नव्हती. जहागीरदार निंबाजीराव लहान असताना एकदा नदीच्या पात्रात हरवले होते. सगळा मुलूख शोधून थकला, आणि पोर सापडलं ते करकोच्यांच्या थव्यात, शांत झोपलेलं. पाखरं त्याच्या भोवती कडं करून उभी होती, असं म्हणतात. मोठेपणी गादीवर बसल्यावर निंबाजीरावांनी पहिला हुकूम काढला तो पाखरांचा. ज्याच्या हातून करकोचा मरेल त्याचा तो हात तोडायचा. आणि करकोच्याला विष घातलं, तर ज्या गावात घातलं ते अख्खं गाव उठवायचं.

टाकेवळची माणसं एकदा गढीवर गाऱ्हाणं घेऊन गेली होती. कारभाऱ्याने त्यांना दारातूनच वाटेला लावलं. म्हणाला, "पाखरं ती. खाऊन खाऊन किती खाणार?"

म्हणून मग गावाने सगळा भार धुरपावर टाकला.

धुरपा ही सखाहरीची थोरली बहीण. नवरा गेल्यावर माहेरी आली ती कायमची. नदीकाठी भावाचं शेत होतं, त्यात चार खांबांचा माळा होता, आणि हिवाळाभर ती त्या माळ्यावर उभी असायची. हातात घायपाताच्या वाखाची गोफण. तिचा नेम असा की उडत्या पाखराच्या चोचीसमोरून दगड न्यायची आणि पाखराला वारा लागायचा, दगड लागायचा नाही. गोफणीचं शेपूट नुसतं फटकारलं तर आवाज पलीकडच्या गावात जायचा. थवा उतरू पाहायचा, धुरपाचा दगड पुढ्यात पडायचा, थवा वळायचा. साऱ्या शिवाराची राखण ती एकटी करायची. इतकी वर्षं तिने दगड फेकले, पण एका पिसालाही कधी धक्का लागला नाही.

आणि घात झाला तो इथेच.

पाखरं शहाणी असतात. आईबापांकडून पिल्लं शिकतात, पिल्लांकडून पुढची पिल्लं. होता होता सगळ्या थव्याला कळून चुकलं की माळ्यावरच्या बाईचा दगड लागत नाही. आधी पाखरं दगड पडल्यावर वळायची. मग नुसती जरा बाजूला सरायची. मग तेवढंही करेनात. त्या थव्याचा म्होरक्या एक म्हातारा करकोचा होता, एका पायाने थोडा अधू. तो तर माळ्याखालीच येऊन उतरायचा, मान वाकडी करून वर धुरपाकडे बघायचा आणि घाटे फोडायला लागायचा. त्याची मादी त्याच्या पाठोपाठ. आणि त्या दोघांच्या मागे सगळं आभाळ खाली यायचं.

लागोपाठ दोन हंगाम सखाहरीच्या शेतातून बियाण्यापुरताही हरभरा घरी आला नाही. तिसऱ्या वर्षी त्याने बोलणं कमी केलं. जेवताना ताटाकडे बघत बसायचा. आणि पौषात, घाटे भरत आले तेव्हा, एका सकाळी धुरपा माळ्यावर चढायला गेली, तर भाऊ तिच्याआधी शेतात. खांद्याला झोळी, आणि हात पेरणाऱ्यासारखा चालत होता.

"सखाहरी, पौषात काय पेरतुयास?"

तो दचकला. मग जवळ आला आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "आक्का, आज गोफण फिरवू नगंस. आज खाऊ दे त्यांस्नी."

धुरपाने खाली वाकून एक दाणा उचलला. भिजवलेला हरभरा. फुगलेला, काळपट. नाकाशी धरला आणि विषाचा दर्प ओळखून झटकन खाली टाकला.

"बचनाग?"

सखाहरीने झोळी पाठीमागे सारली.

"आरं, गाव उठंल! पोरंबाळं घिऊन कुठं जायची माणसं?"

"तशी बी कुठं ऱ्हात्यात? खायाला न्हाई तर काय माती चावून ऱ्हातील?" सखाहरीने नदीकडे हात केला. "मरू दे एकदा सगळी. नदीत लोटून दिऊ. कुणाला कळतंय?"

"वेच आधी. दाणा न् दाणा वेच!"

पण वेळ कुठे होता? सगळ्या शेतभर दाणा पसरलेला. आणि नदीकडून तो आवाज आला. करकोच्यांचा थवा उठताना होतो तो, गळ्यात घोळवलेल्या हजार हाकांसारखा. पाण्यावरचं धुकं फाटलं आणि थवा वर आला.

धुरपा माळ्यावर चढली. गोफण फिरवून तिने शेपटाचा फटकारा काढला. थवा आला तसाच येत राहिला. तिने दगड घातला आणि म्होरक्याच्या चोचीसमोरून नेला. म्होरक्याने मान हलवली आणि पाय खाली सोडले. दुसरा दगड. तिसरा. "हाऽऽ हुर्रऽऽ!" ओरडून ओरडून तिचा घसा फुटला. पाखरं उतरणीला लागली होती. त्यांना ती बाई ठाऊक होती. तिचा दगड लागत नाही हे ठाऊक होतं.

म्होरक्याचे पाय जमिनीला टेकले. त्याने मान वाकडी करून वर बघितलं, रोज बघायचा तसंच. आणि मग काळ्या दाण्याकडे चोच नेली.

धुरपाने गोफणीत दगड ठेवला. असं म्हणतात, की त्या क्षणी वारा पडला आणि नदी वाहायची थांबली. तिने नेम धरला. पहिल्यांदा खरा नेम धरला. आणि दगड सोडला.

म्होरक्या जागच्या जागी कोसळला.

थव्यातून असा एक आवाज निघाला की गावातली निजलेली पोरं किंचाळत उठली. सगळं आभाळ वर फेकलं गेल्यासारखा थवा उधळला आणि नदीपार दिसेनासा झाला. एकही पाखरू दाण्याला शिवलं नाही. फक्त म्होरक्याची मादी मागे राहिली. ती मेलेल्याभोवती फिरत होती, चोचीने त्याला ढोसत होती. आणि तिच्या पायाखाली सगळीकडे तो दाणा होता.

धुरपा धावत खाली आली. तिने म्होरक्याला दोन्ही हातांवर उचललं आणि ती नदीच्या वाटेला लागली. मादी तिच्यामागे चालत निघाली. जाता जाता धुरपा भावाला एवढंच म्हणाली, "वेच. मी हिला लांब नेती."

सखाहरी गुडघ्यांवर बसला आणि वेचायला लागला. लोक जमले. त्यांनी दाणा पाहिला, काय ते ओळखलं, आणि काही न विचारता ते खाली बसले. बाया, म्हातारी माणसं, सगळी. बचनागाने बोटं बधिर होत होती. बधिर बोटांनी सारं गाव माती चाळत होतं.

आणि नदीच्या वाटेवर धुरपाला जहागीरदाराचे स्वार भेटले. हातात मेलेला करकोचा. विचारायचं काय राहिलं होतं?

गढीसमोरच्या पटांगणात तिला उभं केलं. लाकडाचा ओंडका आणला. तलवारवाला आला. म्होरक्याला मांडीवर घेऊन धुरपा खाली बसली होती, आणि तिच्यापासून दोन पावलांवर मादी उभी होती. एवढी माणसं, घोडी, पण ती हलली नाही. गावापासून गढीपर्यंत ती चालत आली होती, असं म्हणतात.

निंबाजीराव बाहेर आले. मेलेलं पाखरू बघून त्यांचा चेहरा पांढरा पडला. ते पायरीवरच थांबले. मग म्हणाले, "बाई, तुझा नेम सगळा मुलूख ओळखतो. चुकून लागला म्हण. मी मानेन."

"चुकून न्हाई, सरकार. नेम धरून मारला."

"का मारलास?"

धुरपा म्होरक्याची पिसं सारखी करत राहिली.

"विचारतोय मी. एवढ्या वर्षांत नाही, आणि आजच का?"

"दगड माझा हाय आन् हात बी माझाच हाय. मांडीवर मढं घिऊन खोटं बोलवंना, आन् खरं सांगता येत न्हाई. काय करायचं ते करा."

निंबाजीरावांनी मान फिरवली. कारभाऱ्याने खूण केली. धुरपाने म्होरक्याला खाली ठेवलं, उजवा हात ओंडक्यावर ठेवला आणि डोळे मिटले.

तेवढ्यात वेशीकडून गलका आला. सखाहरी पुढे, मागे सगळं टाकेवळ. सखाहरीच्या खांद्याला झोळी. त्याने ती जहागीरदाराच्या पुढ्यात उलटी केली. काळ्या दाण्यांचा ढीग पडला.

"इख म्या घातलं, सरकार! ह्यातला एक दाणा ज्याच्या पोटात गेला असता, ते पाखरू उठलं नसतं. सगळा थवा गेला असता. भनीनं एक मारला आन् बाकीचा वाचवला. हात तोडायचा तर माझा तोडा. मान तोडा."

कारभारी पुढे झाला. "सरकार, मग हुकमाप्रमाणे गाव उठवावं लागेल." टाकेवळची माणसं तशीच उभी राहिली. काय होणार ते जाणूनच ती आली होती.

त्या गडबडीत मादीकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सकाळपासून ती उपाशी होती. समोर दाण्याचा ढीग होता. ती पुढे आली आणि तिने मान खाली घातली.

"हाकला तिला!" निंबाजीराव ओरडले. स्वार जागचे हलेनात. करकोच्याला हात कोण लावणार? हुकूम त्यांनाही होताच.

धुरपाने ओंडक्यावरचा हात काढला आणि त्या ढिगावर पालथा टाकला. मादीची चोच दाण्यावर पडायची ती हातावर पडली. पुन्हा पडली. रक्त आलं. धुरपाने हात काढला नाही. भुकेलं, पिसाटलेलं पाखरू टोचत राहिलं आणि बाई दात खाऊन हात तसाच ठेवून राहिली. शेवटी मादी थकली, दोन पावलं मागे सरली आणि म्होरक्याशेजारी जाऊन बसली.

निंबाजीराव पायऱ्या उतरून खाली आले होते. त्यांनी आपल्या शेल्यात तो दाणा भरला, आणि उरलेसुरले दाणे मातीतून स्वतःच्या बोटांनी वेचले.

धुरपाचा हात मात्र वर उठेना. जखमांतून विष चढलं होतं. मनगट गार पडलं, मग कोपर. वैदूने खांद्याला करकचून फडकं बांधलं म्हणून जीव वाचला. पण तो हात पुन्हा कधी हलला नाही. जहागीरदाराचा हुकूम तलवारीवाचूनच खरा झाला, असं म्हणतात.

गढीवरून जाताना धुरपा मागे फिरून एवढंच बोलली, "पाखरं तुमची, सरकार. मग त्यांचं प्वाट आमच्या गळ्यात का वो?"

निंबाजीराव दाण्याने भरलेला शेला घेऊन आत गेले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी टाकेवळच्या लोकांनी बघितलं, तर नदीकाठच्या जहागिरीच्या कुरणातून घोडी बाहेर निघत होती आणि आत नांगर चालत होते. त्या वर्षापासून ते कुरण करकोच्यांसाठी पेरलं जाऊ लागलं. गाव उठलं नाही.

धुरपा पुन्हा माळ्यावर चढली. पहिला हंगाम फार कठीण गेला. डाव्या हाताने फटकारा निघेना, गोफण तिच्याच तोंडावर बसायची. पाखरंही कुरण सोडून शेतात यायची, आणि लोक पुन्हा कुजबुजायला लागले होते. पण ती हटली नाही. दगडाला तिने परत हात लावला नाही, नुसती रिकामी गोफण. हळूहळू आवाज निघू लागला. आणि एका सकाळी ती एकटी राहिलेली मादी शेतावरून वळून कुरणात उतरली, आणि तिच्यामागे सगळा थवा उतरला.

धुरपा गेली ती भर पावसाळ्यात, जेव्हा इकडे एकही करकोचा नसतो. त्या कार्तिकात माळ्यावर कुणी नव्हतं. थवा आला, रिकाम्या माळ्याभोवती फिरला, आणि कुणी न हाकताच कुरणात उतरला. हे बघितलेली माणसं माझ्या पणजोबांनी बघितली होती.

आता जहागीर राहिली नाही. पाखरांना हात लावू नका हे आता सरकार सांगतं. नदीला धरण झालं, कुरणाचा अर्धा भाग पाण्याखाली गेला. उरलेलं कुरण अजून पेरलं जातं. त्याला धुरपाचं रान म्हणतात. तिथला दाणा कुणी घरी नेत नाही. राखण करणारे थव्याचा पहिला आवाज आला की उजवा हात उपरण्यात बांधतात आणि डाव्या हाताने रिकामी गोफण फटकारतात. आणि पेरणीच्या दिवशी पहिला मान सखाहरीच्या घराचा असतो. त्या घरातली माणसं गुडघ्यांवर बसतात, ओंजळीतला एक दाणा आधी स्वतःच्या तोंडात टाकतात, सगळ्यांसमोर चावून गिळतात, आणि मगच उरलेले मातीत सोडतात.