सूर धरणारा म्हादू

एका गावात म्हादू नावाचा एक भोळा सूर धरणारा होता. खरी सनई वाजवायचा त्याचा मामा. म्हादूनं मागे बसायचं, दुसरी सनई तोंडाला लावायची आणि नुसता सूर धरायचा.

मामानं शिकवलं होतं, "म्हादबा, सूर वर जाऊ द्यायचा नाही, खाली येऊ द्यायचा नाही. आपलं एकसुरी राहायचं."

म्हादूला ते फार पटलं.

एक दिवस गोठ्याला आग लागली. म्हादू सावकाश घरात आला. भात शिजला म्हणावं, तशा आवाजात म्हणाला, "मामी, गोठा पेटला."

"बरं. हातपाय धू," मामी म्हणाली.

धूर नाकात गेला तेव्हा तिला कळलं. म्हैस वाचली, कडबा गेला.

"मेल्या, एकसुरी राहायचं ते सनईत! बातमी सांगताना बोंब ठोकावी!"

"बरं, मामी."

दुसऱ्या दुपारी शेजारच्या सगुणावहिनीचं तान्हं रडून रडून झोपलं. ती हळूच म्हणाली, "मामीला सांग, निजला एकदाचा."

म्हादूनं तिच्या दारातच बोंब ठोकली, "निजला होऽऽ! वहिनीचा पोरगा निजला!"

अख्खी गल्ली घागरी घेऊन धावली. पोरगं उठलं ते उठलंच.

मामानं कपाळ धरलं. "अरे, आधी माणसांची तोंडं बघावी! हसत असतील तर हसावं, रडत असतील तर रडावं. उद्या तुझ्यासाठी मुलगी बघायचीय. तीन स्थळं गेली. हेही गेलं, तर जन्मभर बिनलग्नाचा राहशील."

"बरं, मामा."

मुलीकडं सगळे हसत होते. म्हादूही हसला. मुलगी पसंत, मुलगा पसंत. सुपारी फुटायची तेवढी राहिली.

म्हादू पाणी प्यायला आत गेला. मुलीची आई कांदे चिरत होती, डोळ्यांना धारा लागलेल्या. कोपऱ्यात मुलीचे आजोबा डोक्यावरून घोंगडी ओढून गाढ झोपलेले. म्हादूनं तिच्या तोंडाकडं बघितलं. घोंगडीकडं बघितलं. आणि गळा काढला.

"आबा गेले होऽऽ!"

बाहेर एकच रडारड झाली. शेजारी बांबू आणायला पळाले. त्या गलक्यानं आबा उठून बसले.

"कोण गेलं रे?"

"तुम्हीच की, आबा!" म्हादू त्यांच्याच गळ्यात पडला. "आता सुतक आलं. माझं लग्न लांबलं!"

"लांबलं नाही," आबा काठी चाचपडत म्हणाले, "मोडलं."