रंगाऱ्याचा बोळ

फार पूर्वी, एका गावाचं हळूहळू शहर होत होतं, तेव्हाची ही गोष्ट.

त्या गावात एक रंगारी राहत होता. त्याच्या घराला लागून एक अरुंद बोळ होता आणि बोळाच्या पलीकडच्या तोंडाशी त्याच्या लेकीचं सासर. लांब द्यायला जीव होईना, म्हणून त्याने तिला तिथेच दिली होती. चुलीवर आमटी ठेवून ती बापाला गरम भाकरी देऊन जाई, आणि आमटीला उकळी येण्याआधी घरी परते.

गाव वाढलं. नव्या पेठा वसल्या, तशी बोळात वर्दळ वाढली. रंगारी तिथे ओली लुगडी वाळत घाली. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे हात लागून त्यांवर डाग पडू लागले. वैतागून त्याने बोळाच्या आपल्याकडच्या तोंडाला भिंत घातली.

लेक म्हणाली, "बाबा, मी कुठून येऊ?"

"कासारगल्लीतून ये. चार पावलं जास्त पडतील, एवढंच."

लुगडी छान वाळू लागली. भाकरी मात्र गार येऊ लागली. पुढे पुढे लेक सणावारीच दिसू लागली.

एके सकाळी भिंतीपलीकडून तिची हाक आली. "बाबा, पोरगं पाऊल टाकतंय. लवकर या."

रंगारी तसाच, रंगलेल्या हातांनी निघाला. कासारगल्लीत शिरला, तर पुढे भिंत.

"कासारदादा, ही कधी घातली?"

"तुमची झाल्यावर. तुमच्याकडची सगळी माणसं माझ्या दारातून जायला लागली. बांगड्या फुटायच्या."

तो कोष्टीआळीकडे वळला. तिथेही भिंत. कोष्टी हसला. "कासारानं वाट बंद केली, मग आम्हीच काय धर्मशाळा उघडलीय?"

अखेर वेशीवरून वळसा घालून तो लेकीच्या दारी पोचला. नातू पाळण्यात झोपला होता.

"टाकली की चार पावलं," लेक हळूच म्हणाली. "बसा, पाणी देते."

पाळण्याची दोरी धरून रंगारी बराच वेळ बसला. मग घरी आला आणि पहार घेऊन त्याने भिंत उतरवली. ते पाहून कासाराने आपली पाडली. कोष्टी थोडे दिवस कुरकुरला, मग त्यानेही पाडली.

महिन्याभराने नातू आईचं बोट सोडून बोळातून एकटा आला. तोल गेला तसं त्याने ओलं लुगडं धरलं. लाल रंगावर मातीचा इवलासा पंजा उमटला.

रंगाऱ्याने तो डाग धुतला नाही. ते लुगडं त्याने लेकीला नेसायला दिलं.

तात्पर्य इतकंच: परक्यांसाठी बंद केलेली वाट आपल्या माणसांसाठीही बंद होते.