एका पायात मोजा घातलेली म्हैस

गेम बनवायच्या स्पर्धेत शलाकानं पडद्यावर लाल मोजा घातलेल्या म्हशीच्या चित्राखाली लिहिलं होतं, "म्हैस : कुंदाकडून उसनी."

"उसनी चित्रं? बाद!" परीक्षक पाटणकर सर गरजले. "माझ्या गेममधली म्हैस बघा. मी स्वतः काढलीय!"

पडद्यावर तीच म्हैस आली, एका पायात लाल मोजा घातलेली.

"सर, एकच मोजा का हो?" शलाकानं विचारलं.

"ते ग्रामीण वेदनेचं प्रतीक आहे, बाळ."

शलाकानं मागे वळून मैत्रिणीला विचारलं, "कुंदे, तुझ्या म्हशीला वेदना आहे का गं?"

"छे! मला खूर जमेना, म्हणून मोजा घातला."

"सर, तुम्ही मोजा उतरवून खूर काढा की!" शलाका म्हणाली.

सरांनी घाम पुसत काढलं ते हुबेहूब वांगं.

शलाका जिंकली. सरांच्या गेममध्ये आता नावं झळकतात, "म्हैस : कुंदाची. वांगं : सरांचं."