एक मूठ ज्वारी

टेकडीच्या पायथ्याशी ख्रिस्ती मंडळींचं एक दगडी देऊळ होतं. देवळामागच्या बागेत बुचाचं उंचच उंच झाड होतं, आणि बागेच्या कुंपणापलीकडे एका कुडाच्या खोलीत रिबका आणि तिची आई राहत होत्या. बाबा आधीच देवाघरी गेले होते. या हिवाळ्यात रिबकाचा धाकटा भाऊही गेला. जेमतेम नऊ दिवसांचा होता तो. तेव्हापासून आई भिंतीकडे तोंड करून पडून असे. खिडकी बंद, चूल थंड. एखादा घास खाई, कधी तोही नाही. रिबकाला वाटे, पाण्यातल्या खडीसाखरेसारखी आई एक दिवस विरघळून जाईल.

देवळातली माणसं मायाळू होती. घरोघरी बायका स्वयंपाकाआधी एक मूठ धान्य बाजूला काढत आणि रविवारी देवळातल्या मोठ्या मडक्यात ओतत. ते धान्य गरजवंतांच्या घरी जाई.

एका धुकट सकाळी रिबका बुचाची पांढरी फुलं वेचत होती. एक फूल थरथरलं. आत करंगळीएवढी परी बसली होती. मोतिया झगा, दवाचे झुलते डूल आणि चांदण्याच्या चुऱ्याचे इवले इवले पंख.

"तुझं नाक केवढं लाल झालंय," परी म्हणाली. "बोर समजून चिमणी टोचेल हं."

रिबका कित्येक दिवसांनी हसली, आणि हसता हसता रडू लागली. तिने परीला सगळं सांगितलं.

परी म्हणाली, "तीन गोष्टी माग. पण स्वतःसाठी काही मागायचं नाही. आणि मी काही घडवत नाही बरं का. मी फक्त माणसांच्या हातांना वाट दाखवते."

रिबकाने आईसाठी धान्य मागितलं. दुपारीच देवळातून ज्वारीचं गाठोडं आलं. आईने त्याच्याकडे पाहिलंही नाही. दुसऱ्या दिवशी रिबकाने ऊब मागितली. संध्याकाळी कुणीतरी मऊ लाल शाल आणून दिली. आईने ती तोंडावरून ओढून घेतली.

आता एकच मागणं उरलं होतं. रिबका आईच्या उशाशी बसून राहिली. देवळाच्या धर्मगुरूंच्या, म्हणजे पाळकांच्या घरातून पाळकबाईंच्या तान्ह्या बाळाचं रडं ऐकू आलं, आणि रिबकाने पाहिलं, शालीबाहेर राहिलेली आईची बोटं हळूहळू हलत होती. बाळाला तेल चोळावं तशी. गावातल्या कितीतरी बाळांना आईनेच न्हाऊ घातलं होतं.

सकाळी रिबका झाडाखाली धावली. "पाळकबाईंनी आईकडे काहीतरी मागावं," ती म्हणाली.

परी म्हणाली, "हे अवघड आहे गं. द्यायला हात लवकर उघडतात. मागायला फार वेळ लागतो."

तो दिवस गेला. दुसराही गेला. तिसऱ्या दिवशी पाळकबाई बाळाला घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांचे डोळे जागरणाने सुजले होते.

"नामीबाई, तुमच्या दुःखात हे मागू नये," त्या अडखळत म्हणाल्या. "पण मला याला न्हाऊ घालता येत नाही. तुम्ही याल?"

मग शाल हलली.

"पाणी कोमट ठेवा," आई म्हणाली. "आणि तेल तिळाचं काढा. थंडी आहे."

पाळकांच्या घरी बाळाला पायांवर घेतल्यावर आई रडली. तिची आसवं न्हाणाच्या पाण्यात पडत होती, पण हात थांबले नाहीत. बाळ झोपलं. दुसऱ्या दिवशी पाळकबाईंनी पुन्हा बोलावलं, मग आणखी एकीने. घरी आली की आई अजूनही कधी कधी भिंतीकडे पाहत बसे. पण आता खिडकी उघडी असे.

शनिवारी आईने चूल पेटवली. पीठ दळायला बसण्याआधी ती थांबली, गाठोड्यातली एक मूठ ज्वारी काढली आणि वेगळ्या वाटीत ठेवली.

"ही कुणाला गं, आई?"

"उद्या मडक्यात ओतायची," आई म्हणाली. "आपली मूठ."

रिबका बागेत धावली. झाडावरचं एक फूल लखलखत होतं. परीने इवलासा हात हलवला, धुक्यात मोतिया उजेड पसरला आणि हळूच विरून गेला. खाली एक साधं पांढरं फूल पडलं होतं. रिबकाने ते उचललं आणि आईच्या वाटीत, ज्वारीवर नेऊन ठेवलं.