शेठच्या पायातले पाऊल

एकदा डोंगराखालच्या एका गावी एका वृद्ध वैद्यांकडे एक शिष्य राहत होता. तिशीचा, सालस, कष्टाळू. त्याला इंग्रजी येत होते, आणि आपल्याला इंग्रजी येते ही गोष्ट त्याला इंग्रजीहूनही चांगली येत होती. वैद्यांना त्या भाषेचे अक्षरही ठाऊक नव्हते. त्यामुळे सरकारी कागद असो की औषधाच्या बाटलीवरचे नाव, गाव ते शिष्याकडे आणी. तो चष्मा पुसून, घसा साफ करून अर्थ सांगे आणि लोक मान डोलावून घरी जात.

त्या गावात भुसारमालाचा एक व्यापारी होता. काही महिने त्याच्या पावलांना मुंग्या येत होत्या, पाय ठणकत होते. वैद्यांनी त्याच्या पाठीच्या कण्यावरून बोटे फिरवली आणि हे माझ्या औषधापलीकडचे आहे, शहरात दाखवा, असे स्पष्ट सांगितले. शहरातल्या डॉक्टरांनी कण्यातल्या मज्जारज्जूवर दाब आल्याचे सांगितले, शस्त्रक्रिया लवकर करून घ्या म्हणाले आणि एक कागद लिहून दिला. व्यापारी सुरीच्या नावानेच गारठला होता. भ्यालेल्या माणसाला धरायला एखादा शब्द हवा असतो, आणि तो देणारा कुणीतरी भेटतोच.

व्यापारी परतला तेव्हा वैद्य मुळ्या आणायला डोंगरावर गेले होते. ओसरीवर शिष्य एकटाच होता. डॉक्टरी अक्षर फार वाईट, पण दोन शब्द त्याला लख्ख लागले: ग्रॅज्युअली प्रोग्रेसिव्ह. शाळेच्या प्रगतिपुस्तकापासून प्रोग्रेस हा शब्द त्याच्या ओळखीचा होता, आणि ग्रामपंचायतीत तर 'प्रगतिशील शेतकरी' अशी पाटीच लावलेली होती. त्या दोन शब्दांआधी काहीतरी खरडलेले होते. ते लागेना, म्हणून त्याने ते सोडून दिले.

"हळूहळू प्रगती होतेय, शेठ," त्याने सांगितले.

व्यापाऱ्याच्या जिवात जीव आला. ग्रॅज्युअली म्हणजे आमचा पाय ग्रॅज्युएट झाला म्हणायचा, अशी थट्टाही त्याने केली. आठवडाभर ठणकाही थांबलाय, हे त्याने वर सांगितले. शस्त्रक्रियेचा विचार त्याने तिथेच सोडला. संध्याकाळी त्याच्या बायकोने घरोघरी पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी वैद्य परतले. शिष्याने पेढा पुढे केला आणि सारी हकीकत सांगितली. वैद्यांनी पेढ्याला हात लावला नाही.

"ठणका गेला," ते म्हणाले, "मग त्याच्या जागी काय आलं?"

त्यांनी व्यापाऱ्याला बोलावून घेतले. सकाळचे लख्ख ऊन होते. त्याला ओट्यावर पाय पसरून बसवले, रस्त्याकडे बघायला सांगितले आणि पुतण्याच्या लग्नातल्या पंगतीबद्दल विचारले. व्यापारी रंगात येऊन सांगू लागला. वैद्यांनी बाभळीचा एक काटा घेतला आणि त्याच्या अंगठ्यात टोचला. रक्ताचा थेंब वर आला. व्यापारी जिलबीवर होता. काटा घोट्यावर टोचला, मग पोटरीवर. दोन्हीकडे रक्त आले, आणि व्यापारी मठ्ठ्याला मिरची कशी जास्त झाली ते हसत हसत सांगत राहिला. शिष्याच्या अंगावर काटा आला. गुडघ्याच्या खाली दोन बोटांवर काटा लागला तेव्हा कुठे व्यापारी थांबला आणि काय चावले म्हणून खाली वाकला. पायावरचे थेंब पाहून, दुखत नाही हे बरेच की, असे तो म्हणाला.

उद्याच शहरात जा, असे वैद्यांनी त्याला विनवले. व्यापाऱ्याने खिशातला कागद थोपटला. इतक्या शिकलेल्या माणसाने प्रगती आहे असे लिहून दिल्यावर तुम्ही कशाला घाबरवता, असे त्याचे म्हणणे पडले. तेव्हा वैद्य आत गेले, चुलीतला विझलेला कोळसा घेऊन आले आणि काटा कळला होता तिथे त्यांनी पायाभोवती एक काळी रेघ ओढली. ही पुसू नका आणि तीन दिवसांनी या, इतकेच ते बोलले. शिष्याला या रेघेचा अर्थ कळेना.

तिसऱ्या दिवशी व्यापारी आला. वैद्यांनी त्याला डोळे मिटायला लावले आणि रेघेवर काटा टोचला. व्यापारी स्वस्थ होता. रेघेच्या वर टोचला, तरी स्वस्थ. गुडघाही ओलांडला, मग दोन बोटे वर तो हं म्हणाला. वैद्यांनी तिथे दुसरी रेघ ओढली आणि त्याला डोळे उघडायला सांगितले.

दोन्ही रेघा पायावर होत्या आणि मधे गुडघा होता. तीन दिवस हा माणूस जेवला होता, झोपला होता, दुकानात गादीवर बसला होता. कसलीही चाहूल न लागता काहीतरी त्याचा गुडघा चढून आले होते.

"त्या दोन शब्दांच्या आधी काय लिहिलंय, ते वाच," वैद्य शिष्याला म्हणाले.

शिष्याने कागद उन्हात धरला आणि एकेक अक्षर लावले. नंबनेस. बधिरता.

"प्र म्हणजे पुढे, गती म्हणजे जाणं," वैद्य म्हणाले. "शब्द तेवढंच सांगतो. कोण जातंय, ते आधीच्या शब्दाला विचारावं लागतं. आपण प्रगती ऐकली की हार घेऊन उभे राहतो आणि येणाऱ्याचं तोंडही बघत नाही."

त्या दोन्ही इंग्रजी शब्दांच्या मुळाशी पाऊल असा अर्थ आहे, हे आपण कोशात वाचले होते, असे शिष्याने खालच्या आवाजात कबूल केले.

"मग सांग. शेठ तर बसून आहेत. हे पाऊल कुणाचं पडतंय?"

व्यापाऱ्याने वरच्या रेघेच्याही वर मांडी दोन्ही हातांनी घट्ट धरली, जणू तिथे अडवता येईल. शहराची गाडी किती वाजता आहे, एवढेच त्याने विचारले. शिष्य त्याच्याबरोबर निघाला. वाटेत त्याने चूक माझी, असे म्हणून व्यापाऱ्याचे पाय धरले. ते व्यापाऱ्याला बघूनच कळले, स्पर्श कळला नाही.

शस्त्रक्रिया झाली. बाराव्या दिवशी डॉक्टरांनी नवा कागद दिला. व्यापाऱ्याच्या बायकोला इंग्रजी येत नसे, पण नो हा शब्द ओळखता येई, आणि त्याच्यापुढे, पहिल्या कागदापासून तिच्या डोळ्यांत बसलेला, तोच प्रोग्रेसचा शब्द दिसत होता. ती पांढरीफटक पडली. आता प्रगतीच नाही म्हणतात का हो, असे तिने विचारले.

शिष्याने पहिल्या ओळीपासून सगळा कागद वाचला, खरडलेलेही सोडले नाही, अडले ते नर्सला विचारले. मग तो तिच्याजवळ आला.

"वहिनी, जे चालत येत होतं," तो म्हणाला, "ते थांबलंय."

ती तिथेच बाकावर बसली आणि पदर तोंडाला लावून आनंदाने रडू लागली.