घण वर असताना

"पण आबा, लोखंड तापलेलं असतं तेव्हाच घाव घालायचा ना? तुम्हीच शिकवलंत की!"

आबा भाता ओढत राहिले.

"मग मी तरी वेगळं काय केलं?" निहार म्हणाला, आणि धप्पकन पोत्यावर बसला.

सासवड रस्त्याला, एका चिंचेखाली, आबा घिसाड्याचं पाल. एक भट्टी, एक ऐरण, एक भाता. पुण्याचा निहार सहा महिने दर रविवारी सकाळी बाइक मारत इथे यायचा. लोखंड ठोकायला शिकायचं खूळ घेतलं होतं त्यानं. आठवडाभर पंप बनवणाऱ्या कंपनीत डिझाइनच्या आठ जणांवर साहेब, आणि रविवारी इथे भाता ओढणारा गडी. भारी वाटायचं त्याला!

आज मात्र चेहरा पार उतरलेला.

"नीट सांग," आबा म्हणाले.

मग काय, सुटलाच तो.

टीममध्ये लतिकाताई. पंधरा वर्षं कंपनीत, याच्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठ्या. डोकं असं, की विचारू नका. नवा पंप थरथरत का होता, ते कुणालाच कळेना, ताईंनी दोन महिने खपून शोधून काढलं. फक्त बोलताना अडखळतात. एखाद्या अक्षरावर अडकल्या की अडकल्याच.

गेल्या महिन्यात गिऱ्हाईक आलं. सहा मोठी माणसं. ताई उभ्या राहिल्या. पहिलं वाक्य झालं, दुसरं अडकलं.

"द... द... द... आबा, खोलीत टाचणी पडली तरी ऐकू येईल असं शांत! एक जण तर घड्याळ बघायला लागला. मला बघवेना हो. मी उठलो, म्हटलं, ताई, मी सांगतो. आणि सांगून टाकलं. बारा मिनिटांत सगळं! टाळ्या पडल्या. मी टाळ्या घेतल्या पण नाहीत, म्हटलं, ही सगळी मेहनत लतिकाताईंची आहे बरं का!"

"मग?"

"संध्याकाळी राजीनामा."

भात्याचा सूं-सूं आवाज.

"उद्या त्यांचा शेवटचा दिवस. आणि उद्याच ते गिऱ्हाईक परत येतंय, शेवटचं ठरवायला. आबा, मी वाईट साहेब नाहीये हो! टीममधल्या सगळ्यांना सोबत कसं घ्यायचं, याचं दोन दिवसांचं शिबिर केलंय मी. सर्टिफिकेट आहे टेबलावर."

"बाई का चालली?"

"वैयक्तिक कारण, असं लिहिलंय."

"लिवलंय. बोलली काय?"

"आता त्यांना बोलायला लावायचं म्हणजे... त्रास होतो ना त्यांना. म्हणून मी विचारलंच नाही."

आबांनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग आपल्या हातातली छोटी हातोडी त्याच्यापुढे धरली.

"घे."

निहारचा विश्वासच बसेना. सहा महिन्यांत हातोडीला बोटसुद्धा लावू दिलं नव्हतं! आबांच्या पालावर हातोडी म्हणजे मुकादमी. मोठा घण मारणारा वेगळा, हातोडीवाला वेगळा. हातोडीवाला तापल्या लोखंडावर नुसती टिचकी मारून जागा दाखवतो, की घण नेमका तिथेच पडतो.

आणि घण मारायच्या गोदाकाकू. आबांची बायको. साठी उलटलेली, अंगानं काटकुळी, लुगड्याचा काचा मारून उभ्या राहायच्या. एवढा जड घण खांद्यावरून असा यायचा, जसं काही झोका घेतायत.

आबांनी ट्रकच्या जुन्या पाट्याचा लालबुंद तुकडा सांडशीनं ऐरणीवर धरला. कुदळ व्हायची होती त्याची.

निहारनं टिचकी मारली. टिंग.

घण पडला. धाड!

टिंग. धाड! टिंग. धाड!

अरे, जमतंय की! निहारच्या अंगावर काटाच आला. दु:ख बिख विसरला गडी.

टिंग...

काकूंचा घण वर गेला, आणि वरच थांबला.

एक श्वास. दोन श्वास.

लोखंडाचा लाल रंग उतरायला लागला. निहार बघतोय, लाल, मग काळपट लाल... थंड होतंय! त्याला राहवेना. त्यानं हातोडी उचलली आणि स्वत:च दणकन एक घाव घातला.

त्याच क्षणी घण खाली यायला निघाला होता.

काकूंनी तो हवेतच कसा वळवला, देव जाणे. निहारच्या बुटापासून चार बोटांवर, मातीत रुतला.

लोखंडावर त्याच्या घावाचा वेडावाकडा खड्डा पडला होता.

"आबा," जरा वेळानं तो हळूच म्हणाला, "काकू दमल्यात का? मध्येच थांबल्या म्हणून विचारतो. गुडघे दुखतात का त्यांचे?"

आबांनी कनवटीची चंची काढली आणि तंबाखू मळायला घेतली.

"आबा? दुखत असतील तर राहू दे आज. दुसरं कुणी बघू घण मारायला."

आबा तंबाखूच मळतायत. मळतायत, मळतायत... एवढी मळतात का कुणी?

दोन हातांवर गोदाकाकू उभ्या. घणाच्या दांड्यावर हनुवटी टेकून, गंमत बघत.

आणि मग निहारच्या डोक्यात लख्ख पडलं. कानाच्या पाळ्या गरम झाल्या त्याच्या.

तो वळला.

"काकू... तुम्ही का थांबलात?"

"आरं माझ्या सोन्या!" काकू खुदकन हसल्या. "मला वाटलं, मी हितं हाय का न्हाय!"

निहारला कुठे बघावं कळेना.

"दमत न्हाय मी," काकू म्हणाल्या. "गुडघं दुखत्यात, ते दुखू देत, त्यांचा धंदाच त्यो. पर घण वर ग्येला की मी बघती. लोखंड कुठं लवलंय, कुठं अडलंय, ते वरनंच दिसतं. तू खाली वाकल्याला, तुला काय दिसतंय?" त्यांनी वाकड्या खड्ड्याकडे बोट केलं. "बघून झालं का मग यीन की खाली. माझ्या घाईनं. तुझ्या न्हाय."

सहा महिन्यांत निहारनं काकूंना रविवारी आल्यावर एक आणि जाताना एक असा नमस्कार केला होता. बाकी सगळं आबांशी. काकूंचा आवाज असा असतो, हे त्याला आज कळलं.

ऐरणीवरचा तुकडा पार काळा पडला होता.

"थंड झालं," निहार पुटपुटला.

"तापवू की परत," आबा म्हणाले. "लोखंड हाय ते. पळून चाललंय व्हय?"

आणि तुकडा परत निखाऱ्यात गेला.

निहार बराच वेळ त्या निखाऱ्यांकडे बघत बसला. मग खिशातून फोन काढला. अंगठा नावावर ठेवला, उचलला, परत ठेवला. आबांनी भाता सोडला. एकदम शांत झालं सगळं.

"लतिकाताई? निहार बोलतोय. तुम्हाला... एक विचारायचं होतं. तुम्ही का चाललात?"

"त... त..."

निहारच्या जिभेवर शब्द आलाच होता. तब्येत? त्रास? तुम्ही? तीन-तीन शब्द आले. त्यानं ओठ दातांत धरले.

"त... त..."

चिंचेवर खार ओरडली. रस्त्यानं एक ट्रॅक्टर आला, गेला. काकूंनी घण अलगद, आवाज न करता जमिनीवर टेकवला.

"त्या दिवशी," ताई म्हणाल्या, "माझं व... वाक्य होणार होतं, सर."

निहारनं फोन कानाशी घट्ट धरला.

"पंधरा व... वर्षांत पहिल्यांदा उभी राहिले होते. घरी आ... आरशासमोर... आठ दिवस..." पुढे बराच वेळ नुसता श्वास. "तुम्ही माझं न... नाव घेतलंत. ते लोक माझ्याकडे बघून ह... हसले. लहान मुलाकडे बघून ह... हसतात ना... तसं."

"ताई, चुकलो मी," निहार म्हणाला. "उद्या तुम्ही सांगाल? वेळ लागू दे. तास लागला तर तास."

"आणि र... राजीनामा?"

"तो तुमचा. तुम्ही ठरवा."

"म... मी उद्या सांगेन," ताई म्हणाल्या. "दोन्ही."

फोन ठेवला तेव्हा निहारचे डोळे भरून आले होते. काकूंनी न विचारता त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला. तो घटाघटा प्यायला, शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं, आणि परत भीती वाटायला लागली.

"आबा, त्या परत अडकल्या तर? आणि ते लोक परत तसंच हसले तर? मी तिथेच असणार ना... मी तेव्हा काय करू?"

आबांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी मान हलवली, म्हणजे, तुम्हीच सांगा.

आबांनी भात्याची मूठ धरली.

"बोलताना ती जिकडं बघंल," ते म्हणाले, "तिथं जाऊन बस. वाट बघणारं एक तरी तोंड दिसू दे तिला."